यंदाचं पिल्लू

पहाटे जाळ्यात सापडलेला पक्षी हातात आला की मी आधी त्याचं वय बघते. पिसांवरून कळतं, यंदाचं पिल्लू आहे की जुना पक्षी. नव्याने कामावर येणारे विचारतात, आपण विषाणू शोधतोय ना, मग वयाचं एवढं काय?

आम्ही शोधतो तो वेस्ट नाईलचा विषाणू, डासांमार्फत पक्ष्यांत आणि माणसांत पसरणारा. पक्ष्याच्या रक्तात तो जेमतेम काही दिवस असतो. त्याच्याविरुद्ध शरीरात तयार झालेल्या अँटीबॉडी मात्र वर्षानुवर्षं राहू शकतात. जुन्या पक्ष्यात त्या सापडल्या, तर लागण कधी झाली, कुठे झाली, कसं सांगणार? स्थलांतर करून आलेला असेल तर विचारूच नका. यंदाच्या पिल्लात सापडल्या, आणि आईकडून अंड्यातून मिळालेल्या अँटीबॉडी ओसरण्याइतकं ते मोठं झालेलं असेल, तर डास याच हंगामात विषाणू घेऊन फिरतायत.

रक्त वजनाच्या एक टक्क्याच्या आतच घ्यायचं. वीस ग्रॅमच्या पक्ष्याचं फार तर 0.2 मिलिलिटर, पंखाखालच्या शिरेतून. मग रक्त थांबेपर्यंत कापूस दाबून धरायचा. पक्षी चोच उघडून धापा टाकायला लागला की मी नमुना न घेताच सोडून देते. माझ्या वहीत अशा कोऱ्या ओळी बऱ्याच आहेत आणि त्या तशाच असाव्यात.

1999 साली न्यूयॉर्कमध्ये माणसांच्या मेंदूज्वराला आधी सेंट लुईस एन्सेफलायटिस म्हटलं गेलं, डासांमुळेच होणारा दुसऱ्या एका विषाणूचा आजार. त्याच सुमारास कावळे पटापट मरत होते. ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयाच्या पशुरोगतज्ज्ञ ट्रेसी मॅकनमारा यांना हे पटेना, कारण त्या विषाणूने पक्षी सहसा मरत नाहीत. तो वेस्ट नाईल निघाला.

ब्राझीलमधल्या 2016-17च्या पीतज्वराच्या साथीचं आठवलं की मात्र अजून जीव तुटतो. जंगलात हाउलर माकडं मरून पडत होती, आणि लोकांनी भीतीपोटी जिवंत माकडंही मारली. माकडापासून माणसाला थेट लागण होत नाही, ती डासांमार्फत होते. झाडावरून पडलेलं माकड म्हणजे आजूबाजूच्या वस्तीला लस टोचायला निघा, असा निरोप होता. निरोप आणणाऱ्यालाच मारलं.

काल अकरा नमुने मिळाले. त्यातली तीन यंदाची पिल्लं. त्यांच्या नळ्यांवर मी लाल खूण केली आहे.