शिकारीची खरेदी पायापासून सुरू करा

नोव्हेंबर लागला की आमच्याकडची दुकानं नारिंगी होतात. किराणा दुकान असो, पेट्रोल पंप असो, दारातच भडक नारिंगी टोप्या आणि जाकिटं टांगलेली. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या सणाच्या) आधीच्या शनिवारी बंदुकीने हरणांची शिकार करायचा मोसम उघडतो आणि नऊ दिवस चालतो. पाच लाखांहून जास्त लोक त्यासाठी परवाना काढतात. त्या आठवड्यात प्लंबर मिळत नाही, गाडी दुरुस्तीला टाकता येत नाही आणि ऑफिसात मीटिंग ठेवली तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या.

कोल्हापूरच्या घरी हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "पोलीस धरत नाहीत?" प्रश्न रास्तच आहे. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर चितळ-सांबराला हात लावणं म्हणजे थेट तुरुंगाची वाट. पण याच कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळी शिकवलेले चित्ते काळविटांवर सोडले जायचे, हेही सगळ्यांना ऐकून ठाऊक असतं. इथली गोष्ट वेगळी आहे. पांढऱ्या शेपटीचं हरीण, म्हणजे व्हाइटटेल, इथे उदंड आहे. मका आणि सोयाबीन ते फस्त करतं, रात्री गाड्यांसमोर येतं, आणि त्याला खाणारे लांडगे राज्याच्या उत्तरेकडच्या आणि मधल्या जंगलांतच काय ते आहेत. संख्या आटोक्यात ठेवायला राज्य सरकारच परवाने विकतं. शिवाय 1937 च्या एका केंद्रीय कायद्यामुळे शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवर 11 टक्के कर लागतो आणि तो पैसा वन्यप्राण्यांच्या संवर्धनाला जातो. म्हणजे काडतुसांचा खोका घेणारा माणूस कळत-नकळत जंगलाची वर्गणी भरत असतो.

आता खर्चाचं. इथल्या मोठ्या शिकार-दुकानात शिरलात तर बाहेर येईपर्यंत दोन हजार डॉलर सहज उडतील. तेवढे लागत नाहीत. बंदूक उसनी मिळाली तर साडेतीनशे डॉलरच्या आसपास सगळं धड बसतं. मात्र ते कुठे खर्च करायचे आणि कुठे हात आखडता घ्यायचा, हे दुकानदार सांगत नाही. मी हे शिकले शेजारच्या आजोबांकडून. कागद गिरणीतून निवृत्त झालेले, त्यांचं सगळं सामान एका जुन्या दुधाच्या क्रेटमध्ये मावतं.

त्यांचं म्हणणं एकच: पैसा पायात घाल आणि डोळ्यांत घाल. बाकी मागून आण, जुनं घे किंवा घरातलं वापर.

पाय आधी. व्हाइटटेलची शिकार म्हणजे आपल्या डोक्यात असते तशी धावपळ नाही. बसणं आहे. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून गोळी झाडायची मुभा असते, त्यामुळे अंधारातच जंगलात जाऊन बसायचं आणि मग तासन्‌तास हलायचं नाही. नोव्हेंबरच्या शेवटी पहाटेचा पारा शून्याखाली दहापर्यंत जाणं नेहमीचं. चालणारा माणूस गारठत नाही, बसलेला गारठतो, आणि सुरुवात पायाच्या बोटांपासून होते. एकदा बोटं बधिर झाली की माणूस हलतो, पाय आपटतो, शेवटी उठून गाडीत जाऊन बसतो. हरीण बरोबर त्यानंतर येतं.

म्हणून खाली रबर, वर चामडं आणि आत काढता येणारा लोकरी नमद्याचा मोजा अशी रचना असलेले बूट घ्यावेत. मोजा काढता येतो म्हणून रात्री तो हीटरपाशी वाळवता येतो, हाच त्याचा मोठा फायदा. शंभर डॉलरच्या आसपास चांगले मिळतात. दुसऱ्या जातीच्या बुटांवर 400, 800, 1000 ग्रॅम असे आकडे लिहिलेले असतात. ते बुटाचं वजन नाही, आतल्या उबदार अस्तराची जाडी त्यावरून कळते. चालणाऱ्याला 400 पुरतं, बसणाऱ्याने हजाराच्या खाली जाऊ नये. आणि एक माप मोठा घ्या. जाड मोजे कोंबून घट्ट झालेल्या बुटात रक्त नीट फिरत नाही, मग कितीही महागडं अस्तर असो, बोटं गारच राहणार.

मोजे लोकरीचे. अंगाला चिकटून असलेला कपडाही लोकरीचा किंवा सिंथेटिक. सुती काही नको. चालून आलेला घाम सुती कपड्यात मुरतो आणि बसल्यावर तोच अंगावर बर्फासारखा लागतो. जीन्स तर दुहेरी वाईट. एक म्हणजे ती सुती, आणि दुसरं म्हणजे तिचा रंग.

रंगाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण लोकांचे सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. पानाफांद्यांची छपाई असलेलं जाकीट चारशे डॉलरला विकलं जातं. पण बंदुकीच्या मोसमात कायद्यानेच कमरेच्या वरचा निदान अर्धा भाग झगझगीत नारिंगी असावा लागतो, टोपी घातली तर तीसुद्धा. पूर्वी इथे लाल कपडे घालायचे, 1980 पासून नारिंगी आलं, आणि 2016 पासून भडक गुलाबीही चालतं. (गुलाबी म्हणे बायकांना आवडेल म्हणून. माझ्या ओळखीतल्या एकीनेही ते घेतलेलं नाही.) मग त्या नारिंगीखाली छापलेली पानं बघणार कोण? हरणाच्या डोळ्यात लाल रंग ओळखणाऱ्या पेशीच नसतात, त्यामुळे नारिंगी त्याला मळकट दिसतं. निळा रंग मात्र त्याला छान दिसतो आणि अतिनील उजेडही आपल्यापेक्षा जास्त दिसतो. म्हणून निळी जीन्स नको, आणि कपडे "पांढरे शुभ्र" करणाऱ्या डिटर्जंटमध्ये धुवायचे नाहीत. त्यातल्या चमक देणाऱ्या द्रव्याने कापड हरणाच्या डोळ्याला उजळ दिसतं.

तर दहा-पंधरा डॉलरची नारिंगी बंडी घ्या आणि आहे त्या जाड कोटावर चढवा. कोट नसेल तर जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानात शोधा. इथे शिकारी म्हातारे झाले, कुणी वारले, की त्यांचे उत्तम लोकरी कोट तिथे जातात. मोसम संपल्यावर, जानेवारीत, मोठ्या दुकानांतही नारिंगी माल निम्म्या किमतीला निघतो.

वासावरच्या फवाऱ्यांचंही असंच. बाटल्याच बाटल्या, कपडे ठेवायला खास पेट्या, ओझोन सोडणारी यंत्रं. हरणाचं नाक या सगळ्याला पुरून उरतं. वारा हरणाकडून आपल्याकडे येईल अशी जागा निवडायची, बस्स. त्यासाठी टाल्कम पावडरची एक छोटी बाटली पुरते. थोडी उडवायची आणि कुठे जाते ते बघायचं.

आता डोळे. दुर्बीण 8 बाय 42 ची घ्या. आठपट मोठं दाखवते आणि 42 मिलिमीटरच्या भिंगामुळे पहाटेच्या अंधूक उजेडातही दिसतं. सव्वाशे डॉलरमध्ये चांगली येते. त्याहून जास्त पट नको, हात थरथरतो. काही जण म्हणतात, रायफलवर स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, आहे की, वेगळी दुर्बीण कशाला? कारण स्कोपमधून बघायचं म्हणजे नळी तिकडे रोखायची. झाडीत काहीतरी हललं, स्कोप लावला आणि तिथे नारिंगी टोपीतला कुणाचा तरी काका निघाला तर? हंटर सेफ्टीच्या, म्हणजे शिकारीतली सुरक्षितता शिकवणाऱ्या वर्गात पहिल्या दिवसापासून हेच घोकून घेतात: प्रत्येक बंदूक भरलेली आहे असं समजा, नळी सुरक्षित दिशेला, निशाण नक्की काय आहे ते पाहा, झाडायच्या क्षणापर्यंत बोट चापाच्या बाहेर.

बंदूक पहिल्या वर्षी विकत घेऊच नका. इथे घरोघरी एखादी जास्तीची पडलेली असते आणि लोक आनंदाने देतात. पुढे घ्यायचीच झाली तर जुनी लिव्हर अ‍ॅक्शन (चापाजवळची दांडी ओढून काडतूस भरायची) .30-30 बघा. हे आकडे काडतुसाच्या प्रकाराचे. इथल्या दाट झाडीत शंभर यार्डांच्या पलीकडे क्वचितच नेम धरायला मिळतो, तेवढ्याला ती पुरून उरते. नवी साधी बोल्ट अ‍ॅक्शन (बाजूची दांडी मागेपुढे करून भरायची) स्कोपसकट चार-पाचशे डॉलरला येते. .308 घ्या, खांदा नाजूक असेल तर .243. मॅग्नम म्हणवल्या जाणाऱ्या जास्त जोरकस काडतुसांच्या नादी लागू नका, धक्क्याच्या भीतीने माणूस चाप ओढताना डोळे मिटतो. काडतुसं मात्र एकाच जातीची दोन खोकी घ्या, एक नेमबाजीच्या मैदानावर नेम बसवायला आणि दुसरं मोसमासाठी. तांब्याची गोळी शिशाच्या गोळीपेक्षा महाग पडते, तरी मी तीच सुचवेन. शिसं हाडावर आदळून फुटतं आणि त्याचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब मांसात जातात. घरात पोरं खाणार असतील तर ते दहा-वीस डॉलर वाचवण्यात अर्थ नाही.

मचाणावर बसणार असाल तर पडू नये म्हणून झाडाला बांधून घ्यायचा पूर्ण अंगाचा पट्टा नवा घ्या, जुना उसना नको. शिकारीतल्या जखमांमध्ये मचाणावरून पडणं फार वरच्या क्रमांकाला आहे. जंगलात कुणीतरी सोडून दिलेले लाकडी मचाण दिसतात, त्यांवर चढायचं नाही. खरं तर पहिल्या वर्षी जमिनीवरच बसा. पाच गॅलनची प्लास्टिकची बादली उपडी घालायची, वर फोमचा तुकडा. बादलीत येताना सामान, बसताना खुर्ची.

सुरीसाठी पंधरा-वीस डॉलरची स्वीडिश मोरा पुरेशी आहे, कोथळा काढण्यापासून सोलण्यापर्यंत सगळं होतं. रबरी हातमोजे, दोरी, आणि पोरांची बर्फावर घसरायची प्लास्टिकची घसरगाडी. मेलेलं हरीण रस्त्यापर्यंत ओढत आणायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. बर्फ नसला तरी वाळक्या पानांवर बरी चालते.

जागेचे पैसे पडत नाहीत. एकटं शेक्वामेगॉन-निकोलेट राष्ट्रीय वनच सुमारे 15 लाख एकर आहे. इथे राहणाऱ्यांना परवाना 24 डॉलरला, पहिल्यांदा काढणाऱ्याला अवघ्या 5 डॉलरला.

हरीण मिळालं तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत ऑनलाइन नोंद करायची. मग डोकं तपासणीला द्यायचं. क्रॉनिक वेस्टिंग नावाचा मेंदूचा रोग इथल्या हरणांत 2002 मध्ये सापडला आणि तो पसरतोच आहे. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण रोगट निघालेल्या हरणाचं मांस खाऊ नये असं आरोग्य खातं सांगतं. तपासणी फुकट असते. निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये.

कापून देणारे शंभराच्या वर घेतात. स्वतः कापलंत तर एका बऱ्यापैकी मादीचं पंधरा-वीस किलो निव्वळ मांस घरात येतं. चरबी सगळी काढून टाका, मेणासारखी टाळूला चिकटते. मांस अगदी कोरडं असतं, म्हणून सुकं खोबरं आणि तीळ सढळ हाताने, कांदा-लसूण मसाला, आणि कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त. तांबडा रस्सा असा होतो की शेजारचे आजोबा आता डबा घेऊनच येतात.

व्हिसावर असलेल्यांसाठी महत्त्वाचं. एच-1बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असताना अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. वैध शिकार-परवाना हातात असेल तर त्याला अपवाद आहे. त्यामुळे क्रम चुकवू नका: आधी परवाना, मग बंदुकीला हात, उसनी असली आणि नुसता मैदानावर सराव असला तरीही. परवाना संपला की सूटही संपते. शंका असेल तर वकिलाला विचारा. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही.

1973 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना परवान्यासाठी हंटर सेफ्टीचा वर्ग लागतो. वर्गात जाऊन केला तर 10 डॉलर. तो झालेला नसेल तर अनुभवी माणसाच्या हाताच्या अंतरात राहून शिकार करायचा वेगळा परवाना मिळतो. पण वर्ग कराच, आणि नाव उन्हाळ्यातच घाला. ऑक्टोबरमध्ये जागा शिल्लक नसतात.