काचेचं जंगल आणि सिन्नरची एसटी

जे. जी. बॅलार्डची द क्रिस्टल वर्ल्ड काल रात्री दोनला संपवली, १९६६ची कादंबरी, कॅमेरूनमधलं एक जंगल हळूहळू स्फटिकाचं व्हायला लागतं, झाडं, पक्षी, मगरी, माणसंसुद्धा, आणि भीती वाटायच्या ऐवजी ते इतकं सुंदर दिसतं ना की सुटलेला डॉक्टर शेवटी परत आतच जातो! मधला पाठलाग-गोळीबार बोअर आहे, खरं सांगतो.

आणि आज भाच्याला घेऊन सिन्नरला गारगोटी म्युझियम, खनिजांचं. नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून एसटी, द्वारकाला नेहमीचं ट्रॅफिक, डोळ्यांवर झोप. आत गेलो आणि झोप उडाली. पोपटी अपोफिलाइट, शेजारी स्टिलबाइटचे पीच रंगाचे, मधे बांधलेल्या गवताच्या पेंढीसारखे दिसणारे झुपके, आणि हे सगळं आपल्याच काळ्या दगडाच्या पोटातलं. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, त्यात गॅसचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, त्यात गरम पाणी झिरपून झिरपून खनिजं जमली. बॅलार्डकडे माणूस बघता बघता स्फटिक होतो, इथे कोणाला काही घाई नव्हती.

भाचा काचेला नाक लावून, "मामा, हे अजून वाढतंय का?"

म्हटलं नाही रे. मग उगाच हात खिशातून काढून बोटं बघितली.

येताना पांडवलेणीचा डोंगर दिसला, भाच्याला म्हटलं याच्या पोटातपण असेल काहीतरी, तर तो म्हणे आधी मिसळ खाऊ.