रॅम्पवर आलेली जीआर 86

कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात आमचं व्हील अलाइनमेंटचं गॅरेज आहे आणि आमच्याकडं येणाऱ्या बहुतेक गाड्या पुढच्या चाकावर चालणाऱ्या असतात, स्विफ्ट, आय20, क्रेटा, नेक्सॉन वगैरे. मागच्या चाकावरची म्हणजे बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा नाहीतर एखादी थकलेली ओम्नी. रिअर व्हील ड्राइव्ह म्हणलं की इथल्या माणसाच्या डोळ्यापुढं माल वाहणारी, माणसं कोंबलेली गाडी येते. मजेसाठी बनवलेली रिअर व्हील ड्राइव्ह मी फोटोत आणि व्हिडिओत भरपूर बघितली होती, पण तिच्या खाली उभं राहायची वेळ कधी आली नव्हती.

तर एका जुन्या कस्टमरचा सकाळी फोन आला. मावसभाऊ दुबईला असतो, त्यानं गाडी कार्नेवर, म्हणजे परत नेण्याच्या हमीवर ड्युटी न भरता आणलीय, न्हावाशेवाला उतरवली आणि आता गोव्याला निघालाय, पेठनाक्याच्या पुढं हायवेचं काम चाललंय तिथं एका डायव्हर्जनला पुढचं उजवं चाक खड्ड्यात जोरात आपटलं, स्टिअरिंग तिरकं झालंय आणि गाडी ओढतीय, बघशील काय. मी म्हणलं गाडी कुठली. म्हणला, टोयोटाची ती टू डोअर, 86. मी म्हणलं हळूहळू चालवत ये म्हणावं, आज दुसरं काम घेत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. 1983 मधे टोयोटानं कोरोलाची एक हलकी मागच्या चाकावरची आवृत्ती काढली होती, आतला कोड एई86. 1600 सीसीचं इंजिन, वजन एक टनाच्या आत, आणि जपानच्या घाटातल्या पोरांनी ती गाडी डोक्यावर घेतली. तिची आठवण ठेवून 2012 ला टोयोटा आणि सुबारूनी मिळून नवीन 86 काढली, टेत्सुया ताडा नावाचे चीफ इंजिनिअर होते तिचे. इंजिन सुबारूचं, गाडी बनते पण सुबारूच्याच गुन्मातल्या कारखान्यात, आणि सुबारूच्या बिल्ल्यानं तीच गाडी बीआरझेड म्हणून विकली जाते. 2021 ला दुसरी पिढी आली ती ही जीआर 86. अमेरिकेत सुरुवातीची किंमत 27,700 डॉलर होती, तेव्हाच्या भावानं साधारण 20-21 लाख. जगभरच्या शौकिनांना हिचं एवढं कौतुक का, तर नवीन नोकरी लागलेल्या पोराला कर्ज काढून घेता येईल अशी खरी स्पोर्ट्स कूपे आता जवळजवळ कुणी बनवतच नाही.

गाडी आली तेव्हा मागं मोटरसायकलवरून तीन-चार पोरं लागलेली होतीच. दुबईची नंबर प्लेट, स्टिअरिंग डाव्या बाजूला, आणि एवढी खाली की शेजारच्या वॅगनआरच्या खिडकीच्या उंचीला हिचं टप संपतं. लगेच गल्लीत फेरारी आली म्हणून बातमी. मालक भला माणूस, पस्तिशीचा असंल, मूळचा गडहिंग्लजकडचा. मला म्हणाला, "दादा, गाडी महागातली नाही, पण माझा लय जीव आहे तिच्यावर, नीट बघा."

पहिला प्रश्न रॅम्पवर चढवायची कशी. पुढचा बंपर जमिनीपासून इतका जवळ की आमच्या रॅम्पच्या उतारालाच टेकला असता, म्हणून लाकडाच्या फळ्या टाकून उतार लांब केला, मालक आत आणि मी पुढं वाकून इंच इंच बघत. वर गेल्यावर चाक काढलं तर रिमची आतली कड वाकलेली, टायर हातानं सगळीकडून चाचपला, फुगा नाही, कट नाही, ते बघून मला पहिल्यांदा बरं वाटलं. कारण 215/40 मधला 18 इंची टायर आज मागितला की आज कोल्हापुरात मिळेलच असं नाही. रिम शेजारी अलॉय सरळ करणाऱ्याकडं दिली, तो या कामात पक्का आहे, डायल लावून हळूहळू दाब देतो, घाई करत नाही.

तोवर आम्ही खालून गाडी बघत बसलो. आमच्या शेजारी मामा आहेत, त्यांचं सगळं आयुष्य अँबॅसिडर, प्रीमियर आणि कॉन्टेसात गेलं, आता डोळ्याला कमी दिसतं तरी बॅटरी घेऊन आले. मामांनी पहिल्यांदा मागं बघितलं. म्हणाले, "अरे, हाउसिंग कुठाय?" कॉन्टेसाला मागं सलग अॅक्सल असतो, एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्याला पण हिसका बसतो, आणि इथं डिफरन्शियल मधे चॅसीला पक्कं केलेलं, तिथून दोन्हीकडं दोन शाफ्ट गेलेले आणि प्रत्येक चाक आपापल्या विशबोनवर, म्हणजे व्ही आकाराच्या दांड्यांवर मोकळं. डिफरन्शियल पण साधं नाही, टॉर्सन आहे. साध्या डिफरन्शियलमधे एक चाक वाळूवर गेलं की सगळी ताकद तिकडंच फुकट जाते, टॉर्सनमधे आतले तिरक्या दात्यांचे गिअर एकमेकांवर असे दाबले जातात की ज्या चाकाला पकड आहे त्याला जास्त ताकद मिळते, ना क्लच प्लेट ना सेन्सर, नुसते गिअर. उद्यमनगरात गिअर कापण्यात आयुष्य गेलेली माणसं आहेत, त्यातले दोघं हे ऐकून काम सोडून बघायला आले आणि त्या डिफरन्शियलच्या कास्टिंगवर बराच वेळ बोलत राहिले, पार्टिंग लाइन म्हणजे साच्याच्या जोडाची रेघ किती स्वच्छ आहे, रिब कुठं दिल्यात, असं. मला ते लय आवडलं. स्पोर्ट्स कार बघायला आलेली माणसं रंगावर बोलतात, आमच्या गल्लीतली माणसं कास्टिंगवर बोलत होती.

इंजिन पुढं, पण खालून बघितलं तर पसरट, बॉक्सर आहे ना. चार पिस्टन उभे नाहीत, आडवे, दोन डावीकडं दोन उजवीकडं. त्यामुळं इंजिनचं वजन खाली राहतं आणि गाडी वळताना डोलत नाही. पहिल्या 86 ला 2 लिटरचं होतं, आता 2387 सीसी, 228 हॉर्सपॉवर, 250 न्यूटन मीटर टॉर्क म्हणजे फिरवायचा जोर. टर्बो नाही. मामांना ऑइल फिल्टर वरच, हाताशी दिसला, ते खुश, मग प्लग कुठायत विचारलं आणि बाजूला चॅसीला चिकटून खाली दिसल्यावर तेवढेच नाराज झाले. खरंय, या इंजिनचे प्लग बदलणं म्हणजे हाताची सालं काढणं आहे.

आता पोरांचं. एकजण म्हणला 228 म्हणजे काय मोठं, स्कोडाच्या ऑक्टाव्हिया आरएसला 245 होती की, आणि चार दारं, डिकी पण मोठी. दुसरा म्हणला टर्बो का नाही दिला, टर्बो असता तर रिमॅप करून, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून तीनशे काढले असते. ही चर्चा मी इतक्या ठिकाणी वाचलीय, पहिली 86 आली तेव्हा पण सगळ्यांचं हेच होतं. आणि त्यातली एक तक्रार खरी होती, पहिल्या गाडीचा टॉर्क साडेतीन-चार हजार आरपीएमला मधेच बसायचा, नेमका जिथं रोजच्या रस्त्यावर लागतो तिथंच. 205 न्यूटन मीटरचा कमाल टॉर्क यायला साडेसहा हजारांपर्यंत इंजिन न्यावं लागायचं. नवीन इंजिनचा कमाल टॉर्क 3700 ला येतो, म्हणजे कंपनीनं ऐकलं. पण टर्बो घातला नाही हे मला बरोबर वाटतं. टर्बो आला की इंटरकूलर आला, पाइप आले, पुढचं वजन वाढलं, किंमत वाढली, आणि मग ही गाडी दुसऱ्या दहा गाड्यांसारखीच झाली असती. या गाडीचं सगळं शहाणपण पैसा कुठं लावायचा यात आहे. आत बसून बघा, डॅशबोर्ड साधं प्लास्टिक, मागची सीट लहान पोराला पण अवघड, ती पाडली की टायरचा सेट मावतो एवढाच तिचा उपयोग. पण टप अॅल्युमिनियमचं, बॉनेट अॅल्युमिनियमचं, पुढचे फेंडर पण. सगळी गाडी साधारण पावणेतेराशे किलोची. जे हाताला लागतं तिथं वाचवलंय आणि जे रस्त्याला लागतं तिथं खर्च केलाय.

मालक ऐकत होता, तो म्हणाला दुबईत आमच्या पार्किंगमधे पाचशे हॉर्सपॉवरच्या गाड्या असतात, सरळ रस्त्यावर कॅमेरे असतात, त्यामुळं त्या गाड्यांना कधीच पूर्ण दाबता येत नाही. हा शुक्रवारी पहाटे जेबेल जैसच्या डोंगरी रस्त्याला जातो आणि तिथं तिसऱ्या गिअरला ही गाडी पूर्ण वापरता येते. पोरं जरा गप्प झाली.

रिम सरळ होऊन आली, बॅलन्सिंग केलं. मग नटाचा घोळ. मागच्या कुठल्यातरी पंक्चरवाल्यानं इम्पॅक्ट गन लावून एक नट खराब केला होता, आटे गेलेले. आमचा पोरगा टोयोटा म्हणून इनोव्हाचा नट घेऊन आला. मी म्हणलं थांब, ही नावाची टोयोटा आहे, हब सुबारूचा. इनोव्हाच्या नटाला 1.5 चा पिच, म्हणजे आट्यांमधलं अंतर, इथं 12 बाय 1.25 लागतो, जबरदस्ती केली असती तर स्टड गेला असता. डब्यातून मारुतीच्या अलॉयचा नट काढला, तोच पिच, तशीच कोनाची बैठक, हातानं शेवटपर्यंत फिरला. मालक बघतच राहिला. सगळे नट टॉर्क रेंचनं 120 न्यूटन मीटरला घट्ट केले.

आता अलाइनमेंट. आमच्या मशीनच्या यादीत हे मॉडेल नाहीच, पण मालकाकडं दुबईच्या शोरूमचा जुना प्रिंट होता, त्यातले आकडे हातानं टाकले. टाय रॉड, लोअर आर्म, बॉल जॉइंट सगळं तपासलं, वाकलेलं काही नव्हतं, शॉकअपचा स्ट्रट आणि चाक धरणारा नकल यांच्या बोल्टमधे जी थोडी जागा असते तेवढ्यात धक्क्यानं सरकलं होतं. ते ढिलं करून बसवलं, पण मी आधी मागची चाकं घेतली. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी पुढचा टो, म्हणजे चाकांची तोंडं किती आत-बाहेर आहेत ते, केला की बिल फाडतात, कारण साध्या गाडीला मागं सेटिंगच नसतं. इथं मागच्या लिंकवर कॅम बोल्ट आहेत, फिरवले की लिंक सरकते. आणि मागून ढकलणाऱ्या गाडीत मागची चाकं जिकडं तोंड करतील तिकडं सगळी गाडी जाणार, मग पुढं कितीही सरळ करा, स्टिअरिंग तिरकंच राहणार. मागचा टो दोन्हीकडं सारखा, थोडासा आत, थ्रस्ट लाइन, म्हणजे मागची चाकं गाडीला ढकलतात ती रेषा, शून्यावर आणली, आणि मग पुढं. कॅम बोल्ट एवढासा फिरवला की आकडा हलतो, आणि सोडला की तिथंच थांबतो, बुशमधे कुठं ढिलाई नाही. असं काम करताना वेळ कसा गेला कळलं नाही.

ट्रायलला वाघबीळपर्यंत गेलो, पन्हाळा रोडनं. कार्नेवरची गाडी आहे, त्यामुळं चालवायला मालकच, मी उजवीकडं नुसता बसलेला, समोर स्टिअरिंग नाही हेच आधी विचित्र वाटत होतं. बूड इतकं खाली की ऊस दोन्ही बाजूला भिंतीसारखा दिसतो. सरळ रस्त्यावर त्यानं हात जरा सैल केले, गाडी रेषेत. मग वळणं सुरू झाली आणि मी जे वाचलं होतं ते पहिल्यांदा अंगानं कळलं. स्पीड साठच्या आसपास, त्याच्या वर नाहीच, समोरून एसट्या येतात. पण स्टिअरिंग वळलं की पुढचं नाक लगेच वळतं, मधे तो झोलच नाही जो आपण रोजच्या गाड्यांत गृहीत धरतो, आणि वळणाच्या मधेच त्यानं हलकं अॅक्सिलरेटर दिलं की मागून कुणीतरी पाठीला हात लावून पुढं सारतंय असं वाटतं. पुढच्या चाकांना फक्त वळायचं काम, ढकलायचं काम मागच्यांना, दोन कामं दोघांना वाटून दिलेली. आवाज मात्र मला तेवढा नाही आवडला, थोडा रखरखीत आहे आणि त्यातला काही भाग स्पीकरमधून वाढवून देतात. सस्पेन्शन कडक आहे, पण खड्ड्यात आदळल्यावर एकदाच आदळतं, नंतर हेलकावत नाही.

परत आल्यावर पोरं थांबलेलीच. ऑक्टाव्हियावाल्याला मालकानं शेजारी बसवून तावडे हॉटेलपर्यंत एक चक्कर दिली. तो उतरला आणि म्हणला, "ही इथं का विकत नाहीत?" मग त्यावर तासभर. चार मीटरच्या आत आणि 1200 सीसीच्या आत पेट्रोल इंजिन असलं तर आपल्याकडं टॅक्स कमी, ही सव्वाचार मीटरच्या वर आणि इंजिन दुप्पट. वर तयार बनून आलेल्या गाडीवर आयात ड्युटी. 20-21 लाखांची गाडी इथं येईपर्यंत दुपटीच्या वर जाणार आणि त्या पैशात लोक मोठी एसयूव्ही घेणार, हे कंपनीला पण माहिताय. मला याचं मनापासून वाईट वाटतं. कृष्णराज महाडिक, ध्रुव मोहिते अशी रेसिंगमधे उतरलेली पोरं या गावातली आहेत, कार्टिंग ट्रॅक आहे, गिअर, कास्टिंग, मशिनिंग सगळं इथं होतं, पण कार्टमधून उतरल्यावर तरुण माणसाला परवडेल आणि गाडी चालवणं शिकवेल अशी मागच्या चाकाची एकही साधी गाडी बाजारात नाही. हॉर्सपॉवर दीडशे द्या, सीट दोनच द्या, एसी सोडून आत काही नको, पण असली वळणारी गाडी द्या की कुणीतरी.

मालकाला मी एवढंच सांगितलं की गोव्याला आंबोलीनं जा, घाई करू नका, घाटात ट्रकच्या मागं लागलात तर अंतर ठेवा कारण एवढ्या खाली बसलेला माणूस त्यांना आरशात दिसत नाही, आणि पन्नास-साठ किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा एकदा टॉर्क रेंचनं बघून घ्या, तो मारुतीचा नट आधी.