तेहरानमध्ये सूफी छटेची आधुनिक चित्रं: एका दिवसाचा रस्ता

सुरुवात संग्रहालयातून नको, बाजारातून करावी. पाँझदह-ए-खोरदाद मेट्रो स्थानकातून बाहेर आलं की जुना बाजार लागतो. गल्ल्यांतल्या भिंतींत कोनाड्यासारखे सक्काखाने शोधा. करबलाच्या लढाईत इमाम हुसेन आणि त्यांच्या साथीदारांनी सोसलेल्या तहानेची आठवण म्हणून बांधलेल्या या पाणपोया. जाळीला नवसाची कुलपं, चिंध्या, वर पितळी पंजा (आपल्या मोहरममधला तोच). १९६०च्या दशकात झेंदेरूदी, तनावोली, पिलाराम या इराणी कलावंतांनी हाच ऐवज चित्रशिल्पांत आणला आणि समीक्षक करीम इमामींनी त्या शैलीला 'सक्काखाना' म्हटलं. हे आधी पाहिलं नाही तर पुढची चित्रं नुसती नक्षी वाटतात.

मग लाईन १ने एक स्थानक इमाम खोमेनी, तिथून लाईन २ने दुसरं स्थानक बहारेस्तान. नेगारेस्तान बागेत आरसेकामाच्या कलावंत मोनीर फर्मानफर्माइयान यांचं संग्रहालय आहे, २०१७ साली उघडलेलं. शिराजच्या शाह चेराग दर्ग्यातलं आरसेकाम पाहून त्यांनी आरशाचे तुकडे भूमितीत बसवले. षटकोन त्यांचा लाडका. समोर उभं राहून फोटो काढला तर आपलाच फोन दिसतो आणि फ्लॅशने पांढरा डाग पडतो. दोन पावलं तिरकं उभं राहावं, फ्लॅश बंद. खरं तर फोन खिशात ठेवून डावीकडून उजवीकडे सावकाश चालावं: चेहरा तुकड्यातुकड्यांत विरतो. मनाचा आरसा घासण्याची सूफी कल्पना फलक न वाचताही समजते.

तिसरा टप्पा समकालीन कला संग्रहालय. लाईन २ने पुढे दरवाजे शेमिरान, तिथे लाईन ४ पकडून इन्कलाब, पुढे उत्तरेला लाले पार्कपर्यंत वीसेक मिनिटं पायी. घोळ इथेच होतो. संग्रहातली कामं आलटून पालटून मांडतात, त्यामुळे तनावोलींचं 'हीच' (याच फारसी शब्दाच्या अक्षरांचं शिल्प) दिसेलच असं नाही. चालू प्रदर्शन आधी विचारून घ्या. फारसीत 'हीच' म्हणजे काहीच नाही, मराठीत नेमकी 'हीच'! सूफी 'फना'कडे (मीपण विरून जाण्याकडे) झुकणारं हे शून्य शिल्पात मात्र मान वेळावून उभं राहतं, हताश वाटत नाही.

झेंदेरूदींच्या अक्षरांचा अर्थ लावत बसू नका. तावीज-यंत्रांतल्या आकड्याअक्षरांची ती वीण आहे, बरेचदा शब्द नसतातच.

परदेशी कार्ड चालत नाही, रोख न्या. किंमत तोमानमध्ये सांगतात, नोटेवर रियाल असतात: १ तोमान म्हणजे १० रियाल. तासुआ-आशुराला (मोहरमचा नववा-दहावा दिवस) सगळं बंद. भारतीयांची व्हिसामाफी नोव्हेंबर २०२५पासून थांबली आहे. परराष्ट्र खात्याची सूचना पाहूनच तिकीट काढा.