सहा पॉइंट मोडले : कोलोराडो एल्क, २०२५ ची नोंद

गेल्या नोंदीच्या शेवटी म्हटलं होतं, एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीच्या सोडतीतले पॉइंट साठवणं आता बास, मोडायचे. मोडले. सहाच्या सहा. तेही काऊ टॅगसाठी, म्हणजे एल्कची मादी मारायच्या परवान्यासाठी. मे महिन्यापासून ओळखीतल्या प्रत्येक शिकाऱ्याने मला वेड्यात काढलंय, त्यामुळे आधी हिशेब देतो, मग डोंगरावर जाऊ.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. इथे नॅशनल फॉरेस्ट किंवा बीएलएमची (सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या संघीय खात्याची) जमीन सगळ्यांची असते, पण तिच्यावर एल्क मारायचा परवाना सगळ्यांना मिळत नाही. राज्य युनिटांमध्ये वाटलेलं आहे. कुठल्या युनिटात, कुठल्या सीझनला, नर की मादी, बंदुकीने की धनुष्याने, प्रत्येकाचा कोटा ठरलेला. मागणी जास्त म्हणून सोडत. काही बुल टॅग (नराचे परवाने) दुसऱ्या-तिसऱ्या रायफल सीझनला दुकानातून थेट मिळतात, पण पहिला सीझन पूर्ण सोडतीचा.

सोडत म्हटलं की आपल्याला म्हाडा आठवते. न्यू मेक्सिकोत खरोखर तसंच आहे, पॉइंट नावाची भानगडच नाही. दरवर्षी सगळे एका पातळीवर, नशीब तुमचं. नेव्हाडात जितके पॉइंट त्याच्या वर्गाइतक्या चिठ्ठ्या, वर यंदाच्या अर्जाची एक, म्हणजे पाच पॉइंटवाल्याच्या सव्वीस. वायोमिंगमध्ये बाहेरच्यांसाठी तीन चतुर्थांश टॅग पॉइंटवर आणि उरलेले नशिबावर. कोलोराडोत एल्कला मुख्यतः भिशीचा प्रकार आहे. टॅग लागला नाही की एक पॉइंट मिळतो आणि पुढच्या वर्षी जास्त पॉइंटवाला आधी.

फरक एवढाच, की भिशीत बारा माणसं असली तर बाराव्या महिन्याला तरी आपला नंबर येतोच. इथे बाराव्या महिन्यापर्यंत भिशीत आणखी वीस माणसं शिरलेली असतात. वायव्य कोपऱ्यातली २, १० आणि २०१ ही युनिटं घ्या. मोठ्या शिंगांच्या बुलसाठी सगळ्यांचा जीव तिथे अडकलेला. तिथला टॅग वीसच्या आसपास किंवा त्याहून जास्त पॉइंटांची गोष्ट आहे. मी २०१९ पासून दरवर्षी एक पॉइंट कमावत होतो आणि रेष जवळजवळ तेवढ्याच वेगाने पुढे सरकत होती. याला इथे पॉइंट क्रीप म्हणतात. मी पंचेचाळिशीला आलोय. वीस पॉइंट जमेपर्यंत गुडघे राहिले पाहिजेत.

मार्च, एक्सेल शीट

राज्याचं वन्यजीव खातं दरवर्षी सोडतीचा गोषवारा पीडीएफमध्ये टाकतं. कुठल्या कोडला किती पॉइंटवाले किती आले आणि त्यातल्या किती जणांना लागला. तो वाचायला शिकणं हे अर्ध काम. माझ्या शीटमध्ये तीन वर्षांचे आकडे आहेत आणि एक रकाना ‘चालत किती’ असा. तो रकाना मी पहिली तीन वर्षं ठेवलाच नव्हता, त्याची शिक्षा पायांनी भोगली.

निवडलेला कोड असा: ई-एफ, मग युनिटचे तीन आकडे, मग ओ१-आर. ई म्हणजे एल्क, एफ म्हणजे मादी, ओ१ म्हणजे पहिला रायफल सीझन, आर म्हणजे रायफल. मधले तीन आकडे सांगणार नाही. राग मानू नका. २०२० च्या मोठ्या वणव्यांपैकी एकात यातला बराच भाग जळाला होता, एवढंच सांगतो. त्या साली इतके वणवे लागले की यावरून कुणाला पत्ता लागायचा नाही. जळालेल्या उतारावर पाच वर्षांत गवत आणि कोवळे अ‍ॅस्पेन उगवलेत, आणि एल्कला अजून काय हवं?

आता मुख्य दुखणं. या कोडला मागच्या वर्षी दोन पॉइंट पुरले होते. माझ्याकडे सहा. पण पहिल्या पसंतीला टॅग लागला की सगळे पॉइंट शून्य. दोनच्या मालाला सहाची नोट द्यायची आणि सुट्टे परत नाहीत. ‘मग दुसऱ्या पसंतीला टाकायचं ना!’ हो, ती युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे. पहिल्या पसंतीला नुसता पॉइंटचा कोड भरायचा आणि दुसरीला खरा टॅग मागायचा, लागला तरी पॉइंट शाबूत. पण सोडतीत आधी सगळ्यांच्या पहिल्या पसंत्या निकालात निघतात, आणि माझा कोड तिथेच संपतो. दोन वर्षं दुसरीला टाकून बघितला होता. हात हलवत परत.

अर्ज एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी रात्री आठपर्यंत असतो. यंदा तो १ एप्रिल होता. मी सात चाळीसला भरला, कारण बोट त्या २०१ वर अडकलं होतं. मे संपता संपता ईमेल आली.

ऑगस्ट, पाहणी

तीन वीकेंड. पहिल्या फेरीत एक टेकाड सापडलं, साधारण ९,८०० फुटांवर. तिथून जळका उतार आणि खालचं पाणी दोन्ही दिसतं. रस्त्यापासून अडीच मैल. दुसऱ्या फेरीत तिथे आधीच कुणीतरी दगड रचून बसायला जागा केलेली दिसली, म्हणजे शोध लावणारे आपण पहिले नव्हे.

नकाशावर एका ठिकाणी बीएलएमचे दोन चौकोन फक्त कोपऱ्याला टेकतात, उरलेले दोन खाजगी. वायोमिंगमध्ये २०२१ साली मिसुरीच्या चार शिकाऱ्यांनी अशाच कोपऱ्यावर शिडी लावून पलीकडे पाय टाकला होता. कोर्टकचेरी झाली आणि मार्च २०२५ मध्ये दहाव्या सर्किटच्या संघीय अपील कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. कोलोराडोही त्याच सर्किटमध्ये येतं. तरी मी त्या कोपऱ्यावरून गेलो नाही. निकाल माझ्या बाजूने असला तरी सीझन पाचच दिवसांचा आहे, तो कुणाशी हुज्जत घालण्यात घालवायचा नाही.

बंदुकीबद्दल दर वर्षी कुणी ना कुणी विचारतं. एच-वन-बीवर असताना इथला संघीय कायदा बंदूक बाळगू देत नाही, वैध शिकार परवाना असेल तर त्याला अपवाद आहे. मी त्या अपवादाच्या वाटेला गेलो नाही. ग्रीनकार्ड येईपर्यंत धनुष्यावर काढलं, तीन वर्षांचे सप्टेंबर, आणि एल्कचा एक केसही पाडला नाही. तुम्ही वकिलाला विचारा, मला नको.

१५ ऑक्टोबर

पहाटे साडेतीनला गाडी लावली. आधीच चार गाड्या उभ्या. उजाडल्यावर समोरच्या उतारावर नारिंगी ठिपके मोजले, सात. रायफल सीझनला अंगावर पाचशे चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी घालणं सक्तीचं आहे, वर टोपीही. एल्कला तो रंग आपल्यासारखा दिसत नाही, माणसाला दिसतो, हेतूही तोच. दिवसभरात एल्क शून्य. दूर दोन गोळ्या ऐकल्या.

१६ ऑक्टोबर

रात्री चार बोटं बर्फ. ताजे माग दाट झाडीत, उत्तरेच्या अंगाला. चुकीच्या बाजूने शिरलो, वारा पाठीत होता. फांद्या मोडल्याचा आवाज आणि तो उग्र, गोठ्यासारखा वास, बास. एल्कच्या कळपाचा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. संध्याकाळी तंबूत मोजे वाळवले.

१७ ऑक्टोबर

हा दिवस सविस्तर.

टेकाडावर सहाला पोचलो. दुर्बीण तिवईवर लावून उतार डावीकडून उजवीकडे, वरून खाली, तांदूळ निवडावेत तसा निवडत बसलो. आठच्या सुमारास खिशातला सॅटेलाइट मेसेंजर थरथरला. बायकोचा मेसेज: “आज वसुबारस. आई विचारतायत, काऊ म्हणजे गायच ना रे?”

माझ्या डब्यात त्या वेळी गव्हाच्या दोन टॉर्टिया होत्या. पुण्यात आई आज बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी करते, गव्हाला हात लावत नाही. मी उत्तर लिहिलं, “नाही, सांबरासारखं असतं.” ते तसं चुकीचं नाही.

पावणेनऊला कळप आला. अकरा. जळक्या खोडांमधून एकेक करत, मान खाली घालून चरत. मी शंभरेक यार्ड सरकून खाली आलो, पोटावर. सगळ्यात जवळची मादी १८० यार्डांवर, आडवी उभी. आणि तिच्या बरोबर मागे तिचं पिल्लू. जूनमधलं, आता चांगलं वासराएवढं झालेलं, पण त्याचं डोकं तिच्या बरगड्यांच्या पलीकडे स्कोपमध्ये दिसत होतं. गोळी आरपार गेली तर एका टॅगवर दोन जनावरं पडणार. बोट ट्रिगरवरून काढलं. मिनिटभर थांबलो. पिल्लू हललं तेव्हा आई त्याच्यामागे वळली आणि मला फक्त पुठ्ठा दिसला. मग वाऱ्याची एक झुळूक मानेला लागली, अकरा माना एकदम वर, आणि उतार रिकामा.

संध्याकाळी घरी कळवलं की वसुबारस म्हणून गोळी मारली नाही. आईला फार बरं वाटलं म्हणे. तिला खरं कारण कळवायची गरज मला अजून वाटलेली नाही.

१८ ऑक्टोबर

तोच उतार, पण मी कळपाच्या वाटेच्या वरच्या बाजूला, वारा तोंडावर. सात पन्नासला सहा जणी, पिल्लू कुठे नाही. १९० यार्ड, एक गोळी, खांद्यामागे. चाळीस पावलं गेली आणि बसली.

टॅग सही करून फाडला. नंतर बराच वेळ काही केलं नाही. हातमोजे काढून तिच्या मानेवरच्या दाट केसांत हात घातला, ऊब होती अजून. हे दर वेळी होतं असं जुने लोक सांगतात. माझी ही पहिली.

पुढचं काम मटणवाल्याच्या भाषेत सांगतो. पोट न फोडता एका कुशीवर कातडं सोललं, पुढचा फरा, मागची रान, पाठीचा पट्टा, मानेचं मांस. मग उलटवून दुसरी बाजू. एका रानेला कासेचा तुकडा तसाच जोडलेला ठेवावा लागतो, वाटेत कुणी अडवलं तर मादी असल्याचा पुरावा म्हणून. धनत्रयोदशीच्या सकाळी, वसुबारसेच्या दुसऱ्या दिवशी, हातात कास धरून मी उभा. मेसेंजरला यातलं काही कळवलं नाही.

खाण्याजोगं मांस टाकून येणं हा इथे गुन्हा आहे, शिंगं आणली काय न आणली काय. मी एकटा, अडीच मैल, तीन खेपा. दुसऱ्या खेपेला एक अनोळखी म्हातारा शिकारी समोरून आला, न विचारता एक फरा खांद्यावर टाकला आणि गाडीपर्यंत पोचवला. त्याच्याकडे तेवीस पॉइंट आहेत. कशासाठी साठवताय म्हटलं तर म्हणाला, २०१. मी गप्प बसलो. शेवटची खेप अंधारात, डोक्यावर दिवा आणि अस्वलाच्या भीतीने मोठ्याने गाणी.

नोव्हेंबर

डोकं सीडब्ल्यूडीच्या, म्हणजे हरणांच्या मेंदूला होणाऱ्या एका जीवघेण्या रोगाच्या, चाचणीला दिलं होतं. हा रोग पहिल्यांदा याच राज्यात, फोर्ट कॉलिन्सला, १९६७ साली दिसला. रिपोर्ट स्वच्छ आला, तोपर्यंत फ्रीजर उघडला नव्हता. हाडं काढून साधारण ६५ किलो. खिमा उत्तम होतो, चरबी जवळजवळ नाही म्हणून तेल थोडं जास्त सोडावं लागतं. रानेचा सुक्का प्रेशर कुकरला सहा शिट्ट्यांनंतरही रबरासारखा राहिला, पुढच्या वेळी मंद आचेवर तीन तास. पाठीच्या पट्ट्याला मसाला लावू नका, मीठ-मिरी आणि तूप. हा माझा हट्ट आहे, वाद घालायला तयार आहे.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याआधी जंगलांचे शिकारीचे ब्लॉक असत आणि वनखात्याकडून ते ठरावीक दिवसांसाठी मिळत. आजोबा त्याच्या गोष्टी सांगत, बाराबोरी आणि बैलगाडीच्या. ब्लॉक कुणाला मिळतो, याचं उत्तर त्या गोष्टींत दर वेळी कुठल्या तरी साहेबाच्या ओळखीपाशी येऊन थांबायचं. इथल्या पीडीएफला मी कितीही शिव्या घातल्या तरी ती माझं नाव बघत नाही.

पुढच्या वर्षाचं. माझे पॉइंट शून्य. मुलगी अकराची आहे, उन्हाळ्यात बारा पूर्ण होतील, आणि मोठ्या जनावरासाठी इथे बाराच लागतात. हंटर एज्युकेशनचा ऑनलाइन भाग तिने संपवलाय, होकायंत्राच्या प्रकरणावर माझ्यापेक्षा जास्त मार्क. गटाने अर्ज केला की ज्याचे पॉइंट सगळ्यात कमी, त्याचेच सगळ्यांना धरतात. सहा पॉइंट असते तर ते तिच्यासोबत वाया गेले असते. आता दोघंही शून्यावर, आणि शून्य पॉइंटवर काऊ देणारी तीन युनिटं शीटमध्ये पिवळी करून ठेवली आहेत. ‘चालत किती’ हा रकाना तिने स्वतः भरायला घेतलाय. तिच्या मते एक मैल पुष्कळ झाला.