एका पेनीचा खून

भाची दुपारी कानात इयरफोन घालून कुठलीशी रहस्यकथा ऐकत लोळत होती. एकदम उठून बसली. खुनी दाराशी पोचला आणि ॲप म्हणालं, पुढचा भाग हवा तर पैसे भरा. तिची चिडचिड बघून मला व्हिक्टोरियन लंडन आठवलं. (मला ते कशावरूनही आठवतं. घरात आता कुणी लक्ष देत नाही.)

तिथे हाच धंदा कागदावर चाले. दर आठवड्याला आठ पानं, दोन रकान्यांत दाटीवाटीने छापलेली, वर एखादं भेसूर चित्र, किंमत एक पेनी. पानं संपली की गोष्ट थांबे, कधीकधी वाक्य अर्धवट टाकून. फ्लीट स्ट्रीटवरचा तो न्हावी, स्वीनी टॉड, १८४६ साली एडवर्ड लॉइडच्या अशाच साप्ताहिकात अवतरला. गिऱ्हाईक खुर्चीवरून थेट तळघरात आणि तिथून त्याच्या साथीदार लव्हेटबाईंच्या 'मीट पाय'मध्ये, म्हणजे पिठाच्या पारीत भाजलेल्या मांसाच्या सारणात! डिक टर्पिन हा तर खराखुरा दरोडेखोर, १७३९ मध्ये यॉर्कला फासावर गेलेला. पण 'ब्लॅक बेस' या त्याच्यावरच्या पेनीवाल्या मालिकेने त्याला २५४ भाग पळवला. खप आहे तोवर कोण कशाला मारतंय?

पोरं बिघडतात म्हणून शिष्ट मंडळी ओरडत होतीच. मला मात्र लंडनच्या गरिबांवर लिहिणाऱ्या हेन्री मेह्यू या पत्रकाराने टिपून ठेवलेले हातगाडीवाले आवडतात. बहुतेकांना अक्षरओळख नाही. मग उन्हाळ्याच्या संध्याकाळी बोळातल्या चौकात त्यांच्यातलाच एखादा वाचता येणारा रेनॉल्ड्स या लोकप्रिय लेखकाच्या गोष्टी वाचून दाखवी आणि बाकीचे मध्ये मध्ये तोंड घालत. गोष्टीत पोलीस आले की एखादा हळहळे, आपण तिथे असतो तर 'एस्लॉप' लोकांवर एक नेम धरला असता! ही त्यांची चोरभाषा, इंग्रजी स्पेलिंग उलटीकडून वाचायची: पोलीस उलटे केले की एस्लॉप, पेनी उलटी केली की येनेप. आम्ही तरी 'च'च्या भाषेत पाण्याला चाणीप म्हणून मोठ्या माणसांना चकवत होतोच की. आणि रेनॉल्ड्सला हसण्याआधी आपण जरा जपून, कारण हरिभाऊ आपट्यांनी 'मधली स्थिती' लिहायला घेतली ती त्याचाच आधार घेऊन.

आमच्या आजीलाही वाचता येत नसे. ती तांदूळ निवडायला बसली की मी समोर बसून भाड्याने आणलेली खूनकथा वाचायची. ती सूप थांबवून विचारी, "तो मुनीम जेवला का गं?" पुस्तकात जेवणाचं काही नसे. मी ठोकून देई, नाही जेवला. "मग त्यानेच मारलंय. पोटात कालवाकालव झाल्यावर घास कसा उतरेल?"

तिचा अंदाज बऱ्याचदा बरोबर निघायचा. मग राहिलेली शंभर पानं वाचायचा मला भयंकर कंटाळा येई. पण भाडं भरलेलं असे.