दोन फोन कागदावर सारखेच, मग घ्यायचा कोणता?

प्रश्न बहुतेक वेळा याच शब्दांत येतो: "दोन्ही फोनमध्ये ८ जीबी रॅम, १२८ जीबी स्टोरेज, ५० मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि ५००० एमएएचची बॅटरी आहे. तरी किमतीत बराच फरक. महाग घेण्यात काही अर्थ आहे का?" विचारणाऱ्यासमोर तुलनेचा तक्ता उघडा असतो आणि त्यातल्या चारही ओळी सारख्या दिसत असतात.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, त्या चारही ओळी अर्धवट आहेत. प्रत्येक आकड्याला जोडून एक शब्द असायला हवा आणि नेमका तोच गाळलेला असतो. १२८ जीबी कोणत्या प्रकारचं? ५० मेगापिक्सेल केवढ्या सेन्सरवर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपवर? अपडेट कोणत्या तारखेपर्यंत? म्हणून मी तक्ता वरून खाली वाचतच नाही. फोन घेतल्यावर जे कधीच बदलता येणार नाही, ते आधी पाहतो.

पहिलं स्टोरेज. स्वस्त फोनांत ईएमएमसी असतं, त्यावरच्या फोनांत यूएफएस. ईएमएमसी एका वेळी एक तर वाचतं नाहीतर लिहितं. यूएफएस दोन्ही एकदम करतं. मागे ॲप अपडेट होत असताना गॅलरी उघडायला गेलं की फोन अडकतो, तो बहुधा या कारणाने. वेगातही मोठं अंतर आहे. ईएमएमसी ५.१ ची वरची मर्यादा सेकंदाला ४०० एमबी. यूएफएस २.२ चा वाचनाचा वेग साधारण १००० एमबी, ३.१ चा २१०० आणि ४.० चा ४२०० एमबीच्या घरात. एकाच फोनच्या दोन प्रकारांतही हे वेगळं असू शकतं. सॅमसंग गॅलेक्सी एस२३ मध्ये १२८ जीबीच्या प्रकाराला यूएफएस ३.१ होतं आणि २५६ जीबीला यूएफएस ४.०. खोक्यावरचं नाव मात्र एकच. कंपनीच्या पानावर स्टोरेजचा प्रकार लिहिलेलाच नसेल, तर चांगला भाग लपवून ठेवायचं कंपनीला काही कारण नसतं, एवढं लक्षात घ्या.

किती जीबी घ्यायचं याचा हिशेब व्हिडिओवरून करा. फोटोंवरून केलात तर चुकाल. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्येच आकडे दिलेले असतात: दाबून साठवलेल्या प्रकारात ४के व्हिडिओ ३० फ्रेमने मिनिटाला साधारण १७० एमबी, ६० फ्रेमने ४०० एमबी. म्हणजे ६० फ्रेमचा दहा मिनिटांचा एक कार्यक्रम ४ जीबी खातो. १२८ जीबीतून सिस्टिम आणि आधीच घातलेली ॲप्स आपला वाटा उचलतात, शिवाय फ्लॅश मेमरीला नवीन काही लिहिण्यासाठी रिकामे कप्पे लागतात. जागा अगदी काठोकाठ भरली की आधी जुना मजकूर हलवून कप्पे मोकळे करावे लागतात आणि फोन मंदावतो. दहा-पंधरा टक्के जागा कायम मोकळी राहील असं धरूनच आकडा निवडा. मेमरी कार्डाचा खाचा असला तरी तो 'हायब्रिड' नाही ना हे बघा. हायब्रिड खाच्यात दुसरं सिम नाहीतर कार्ड, दोन्ही नाही.

रॅमच्या ओळीत "८+८" किंवा "१६ जीबीपर्यंत" असं दिसलं तर फक्त पहिला आकडा खरा. दुसरा आठ हा स्टोरेजमधून उसना घेतलेला असतो, आणि स्टोरेज रॅमच्या तुलनेत फारच मंद. मागे ठेवलेली काही ॲप्स थोडी जास्त वेळ जिवंत राहतील, यापलीकडे त्याचा उपयोग नाही. ईएमएमसीच्या फोनवर ही सोय बंद ठेवलेलीच बरी.

चिपच्या नावांनी लोकांची सगळ्यात जास्त फसगत होते. "ऑक्टाकोर" म्हणजे आठ कोर, चिपमधले काम करणारे आठ भाग, पण ते आठ कसले? मीडियाटेक डायमेन्सिटी ६०८० घ्या: २ वेगवान कॉर्टेक्स-ए७६ आणि ६ काटकसरी कॉर्टेक्स-ए५५. ए७६ ही रचना २०१८ मधली, ए५५ त्याहून एक वर्ष जुनी. ६०८० हे २०२३ मध्ये आलेलं नाव असलं तरी चिप मुळात २०२१ ची डायमेन्सिटी ८१०. तसंच ७०५० म्हणजे आधीची १०८०. क्वालकॉमकडे अक्षरांचा घोळ आहे: स्नॅपड्रॅगन ७एस, ७ आणि ७+ यांत "एस" खालचा आणि "+" वरचा, त्यामुळे नुसतं "स्नॅपड्रॅगन ७ मालिका" असं लिहिलेलं असेल तर काहीच कळलेलं नसतं. कारखानाही महत्त्वाचा. स्नॅपड्रॅगन ८ जेन १ सॅमसंगच्या कारखान्यात बनली आणि तापते म्हणून तिचं नाव झालं. जवळपास तीच रचना तैवानच्या टीएसएमसी या चिप-कारखान्याकडे बनून ८+ जेन १ म्हणून आली, तेव्हा वीज कमी खाऊ लागली. चिप बनवणाऱ्या कंपनीच्या पानावर जाऊन कोरची नावं आणि नॅनोमीटरचा आकडा (सहसा जितका लहान तितकं चांगलं) पाहायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं द्या.

बेंचमार्कचा, म्हणजे वेग मोजणाऱ्या चाचणीचा, एकच मोठा आकडा बघून भुलू नका. थंड फोन पहिल्या मिनिटाला जे करतो ते विसाव्या मिनिटाला करेलच असं नाही. थ्रीडीमार्क या चाचणीच्या ॲपमधल्या स्ट्रेस टेस्टमध्ये तीच चाचणी सलग २० वेळा चालते आणि शेवटी स्थिरतेची टक्केवारी मिळते, म्हणजे सर्वांत वाईट फेरी सर्वांत चांगल्या फेरीच्या किती टक्के होती ते. ६० टक्के आली तर तापल्यावर फोन आपली चाळीस टक्के ताकद गमावतो. गेम खेळणारे, उन्हात नकाशा लावून गाडी चालवणारे आणि लांब व्हिडिओ काढणारे यांनी हीच टक्केवारी बघावी.

आता कॅमेरा. ५० मेगापिक्सेल विरुद्ध ५० मेगापिक्सेल, यात बरोबरी कशी नसते ते दोन प्रत्यक्ष सेन्सरांवरून बघा. सॅमसंगचा जेएन१ आणि सोनीचा आयएमएक्स७६६, दोन्ही ५० मेगापिक्सेलचे. जेएन१ चा आकार १/२.७६ इंच, पिक्सेल ०.६४ मायक्रॉनचा. आयएमएक्स७६६ चा १/१.५६ इंच, पिक्सेल १ मायक्रॉनचा. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर दुसऱ्यावर जवळपास अडीचपट जागा आहे, म्हणजे तेवढ्याच वेळात तेवढा जास्त प्रकाश. दिवसा मोकळ्यावर दोघांचे फोटो शेजारी ठेवले तर फारसा फरक कळणार नाही. संध्याकाळी घरातल्या दिव्याखाली कळेल: एकात केस वेगळे दिसतील, दुसऱ्यात केसांच्या जागी रंग फासल्यासारखा पट्टा. तक्त्यात "सेन्सर आकार" ही ओळ शोधा आणि भागाकाराच्या चिन्हाखालची संख्या जितकी लहान तितका सेन्सर मोठा, एवढं ध्यानात ठेवा. १०८ आणि २०० च्या आकड्यांचंही असंच आहे. १०८ वाला नऊ पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचा फोटो देतो, २०० वाला सोळा एकत्र करून १२.५ चा. ५० वालासुद्धा चार एकत्र करून १२.५ च देतो.

दुसरा शब्द ओआयएस, म्हणजे ऑप्टिकल इमेज स्टॅबिलायझेशन. अंधारात शटर जास्त वेळ उघडं राहतं, तेवढ्यात हात हलतो. ओआयएसमध्ये भिंग किंवा सेन्सर उलट दिशेला सरकून तो हिसका खाऊन टाकतो. ईआयएस (इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन) ही निराळी गोष्ट आहे, ते व्हिडिओच्या कडा कापून चित्र स्थिर ठेवतं आणि रात्रीच्या फोटोला काही कामाचं नाही. ओआयएस हाताची थरथर थांबवतं, पळणारं मूल थांबवत नाही. त्याला छोटा शटर वेळ लागतो, आणि तो पुन्हा मोठ्या सेन्सरमुळेच परवडतो. "तीन कॅमेरे" मोजताना २ मेगापिक्सेलचा मॅक्रो (अगदी जवळून काढायचा) आणि डेप्थ (फक्त अंतर मोजणारा) वगळून मोजा. तसे मोजले तर पुष्कळ फोन एक कॅमेऱ्याचे निघतात. रुंद कोनाच्या कॅमेऱ्याला ऑटोफोकस आहे का, तेही बघा.

फोन हातात मिळाला तर सूर्यप्रकाशातला नमुना फोटो घेऊन फायदा नाही. घरातल्या साध्या दिव्याखाली कुणाला तरी हात हलवायला सांगा, लागोपाठ पाच फोटो काढा आणि प्रत्येक फोटोत समोरच्याचे डोळे झूम करून बघा. पाचांपैकी किती स्पष्ट आले, यावरून खूप कळतं.

अपडेटबद्दल लोक सर्वांत शेवटी विचारतात. माझ्या मते ते दुसऱ्याच मिनिटाला विचारायला हवं. गूगलने पिक्सेल ८ पासून, म्हणजे ऑक्टोबर २०२३ पासून, सात वर्षांचं आश्वासन दिलं. सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ ला तेच दिलं. ही वर्षं फोन बाजारात आल्यापासून मोजली जातात, तुम्ही घेतल्यापासून नाही. दोन वर्षं जुना एस२४ सवलतीत घेतला तर हाती पाचच वर्षं उरतात. ॲपलच्या बाबतीत इतिहास बघता येतो: २०१८ च्या आयफोन एक्सआरला आयओएस १८ मिळालं, २०२५ मध्ये आलेलं आयओएस २६ मिळालं नाही. "अँड्रॉइडच्या आवृत्त्या" आणि "सुरक्षेचे पॅच" हे दोन वेगळे आकडे असतात, दोन्ही विचारा. पॅच दर महिन्याला येतो की तीन महिन्यांनी, तेही विचारा. मग किमतीला उरलेल्या वर्षांनी भागा. पुष्कळदा स्वस्त वाटणारा फोन या भागाकारात महाग निघतो. सुरक्षेचे पॅच थांबलेल्या फोनवर बँकेचे व्यवहार करू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

बॅटरीसाठी आता एक चांगली सोय झाली आहे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नव्या फोनांना ऊर्जा-लेबल सक्तीचं आहे. त्यावर एका चार्जवर फोन किती तास-मिनिटं चालतो हे सर्वांना एकाच पद्धतीने मोजून दिलेलं असतं. शिवाय किती चार्जनंतर बॅटरी ८० टक्क्यांवर येते (नियमानुसार किमान ८०० चार्ज), पडण्याला किती टिकतो आणि दुरुस्तीला किती सोपा याचे 'ए' ते 'ई' असे वर्ग असतात. ही माहिती ईपीआरईएल या त्यांच्या खुल्या नोंदवहीत कुठूनही वाचता येते. एमएएचपेक्षा ते तास कितीतरी खरे, कारण ५००० एमएएच घेऊनही खादाड चिप आणि मोडेम (नेटवर्कशी जोडणारा भाग) दुपारीच फोन झोपवू शकतात. फक्त मॉडेल तेच आहे ना, हे पडताळा. शाओमी १५ अल्ट्रामध्ये चीनमध्ये ६००० एमएएच आणि बाहेर ५४१० एमएएचची बॅटरी आहे.

चार्जिंगचा "८० वॉट" हा आकडा बहुधा कंपनीच्याच चार्जरवर आणि केबलवर मिळतो. इतर चार्जरवर, म्हणजे यूएसबी पीडी किंवा पीपीएस या सर्वांना सामाईक चार्जिंग पद्धतींवर, किती वॉट घेतो ते विचारा. तो आकडा बराच खाली असू शकतो.

पडद्याचं थोडक्यात. निट्स हे उजेडाचं माप. "४५०० निट्स पीक" हा पडद्याच्या लहानशा तुकड्यावर क्षणभर मोजलेला उजेड. उन्हात वाचायला कामाला येतो तो 'हाय ब्राइटनेस मोड'चा आकडा. ६.७ इंचावर एचडी+ म्हणजे इंचाला साधारण २६० ठिपके, फुल एचडी+ म्हणजे ३९०. बारीक देवनागरी अक्षरांत, विशेषतः जोडाक्षरांत, हा फरक चटकन दिसतो. डोकं दुखण्याचा त्रास असेल तर ओलेड पडदा सर्वांत कमी उजेडावर दहा मिनिटं बघून मगच ठरवा. मंद उजेडासाठी तो पडदा बहुधा वेगाने उघडझाप करत असतो.

पाण्याबद्दल: आयपी६७ म्हणजे एक मीटर गोड्या पाण्यात ३० मिनिटं, तेही फोन नवा असताना. रबराची सील जुनी होते, आणि पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बहुतेक वेळा धरत नाहीत.

राहिलेल्या ओळी बारीक अक्षरांत असतात, पण रोज टोचतात त्या याच. यूएसबी-सी असली म्हणजे वेगवान असते असं नाही: आयफोन १५ आणि १६ च्या साध्या मॉडेलांत तिचा वेग यूएसबी २ चाच, ४८० मेगाबिट. ६४ जीबी व्हिडिओ केबलने संगणकावर घ्यायला अर्धा तास जातो. जायरोस्कोप (फोन कसा वळला ते ओळखणारा सेन्सर) आणि होकायंत्र दोन्ही आहेत का बघा. होकायंत्र नसेल तर उभ्या जागी नकाशावरचा बाण भलतीकडेच वळतो. ऑपरेटरचे सगळे बँड (नेटवर्कच्या लहरींचे पट्टे) आहेत का, विशेषतः ७०० ते ९०० मेगाहर्ट्झचे, कारण भिंतींतून आत शिरतात ते हेच. गॅलेक्सी एस२४ काही देशांत सॅमसंगचीच एक्सिनॉस २४०० चिप घेऊन येतो, काही देशांत स्नॅपड्रॅगन ८ जेन ३. म्हणून समीक्षा वाचताना नावावर जाऊ नका, पूर्ण मॉडेल क्रमांक जुळवा.

फोन परत करण्याची मुदत असेल तर पहिल्या दिवशीच *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, खोक्यावरच्याशी ताडून घ्या आणि मग एक पूर्ण कॉल कानाला लावून करा. काही फोनांत प्रॉक्सिमिटी सेन्सर, म्हणजे कान जवळ आला की पडदा विझवणारा, नसतो, त्याचं काम सॉफ्टवेअर अंदाजाने करतं. अशा वेळी बोलता बोलता पडदा पेटतो, गाल लागून कॉल म्यूट होतो नाहीतर कटतो. तक्त्यात ही ओळ "व्हर्च्युअल" अशी लिहिलेली असते, किंवा लिहिलेलीच नसते.